त्रेसष्टावी ओळ

फादर ॲम्ब्रोजचं बोट बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवरून खाली सरकत होतं, ते त्रेसष्टाव्या ओळीवर थांबलं. एमिली टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिला ते बोट उलटं दिसत होतं, आणि उलट्या बाजूनंही ओळ कोरी आहे हे स्वच्छ दिसत होतं.

"एमिलीबाय, हे काय? नंबर घातलायस आणि पुढे काहीच नाही?"

"माहिती यायचीय, फादर."

"कुठनं?"

"डोंगरापलीकडनं."

डोंगरापलीकडची माहिती उशिरा येते हे फादरना ठाऊक होतं. तिथली माणसं खडीच्या क्रशरवर, शेतांवर, सरकारी इस्पितळांत एकेकटी विखुरलेली. कुणाचा जन्मदाखला यायचा असतो, कुणाची धर्ममाता सुट्टीवर केरळला गेलेली असते. त्यांनी चष्मा काढून कपाळावर सरकवला. "एकतीस तारखेपर्यंत वर्षाची नक्कल बिशप हाऊसला जायला हवी. शनिवारपर्यंत आली माहिती तर भर. नाही तर ओळ मारून टाक, शेजारी सही कर. खलास." आणि ते पुढच्या पानाकडे वळले. ते मूळचे वसईतल्या पापडीचे, तिच्या वडिलांच्या ओळखीचे. तिच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, आताही नाही. ओळ मारणं ही त्यांच्या दृष्टीनं पट्टी ठेवून रेघ ओढण्याची गोष्ट होती. एमिलीनं होय म्हटलं, रजिस्टर उचललं, आपल्या खोलीत आणलं आणि मग तिच्या लक्षात आलं की ते तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं आहे.

ती ओळ तिनं स्वतः सोडली होती. मागच्या सप्टेंबरात, पोटावरचे टाके अजून ओढत असताना, पहिल्यांदा ऑफिसात आली त्या दिवशी. साचलेल्या चिठ्ठ्या घेऊन बसली, अठरा सप्टेंबरपर्यंतच्या नोंदी केल्या, डाव्या रकान्यात त्रेसष्ट लिहिलं आणि पेन न टेकवता चौसष्टवर गेली. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. चर्चच्या कामाला लागण्याआधी ती शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात होती, प्रयोगशाळेत. रसायनशास्त्राची पदवी, पांढरा कोट, दर तासाला नमुना: आम्लता, कठीणपणा, क्लोरीन, तापमान. तिथला पहिला नियम हा की रकाना मोकळा ठेवायचा नाही. रीडिंग घेतलं नसेल तर 'घेतलं नाही' असं लिहायचं. मोकळा रकाना म्हणजे नंतर कुणी तरी काही तरी भरणार. ती नोकरी पाळ्यांमुळे सुटली. फ्रेडी जबल अलीला एका गोदामात सुपरवायझर, पहाटे साडेपाचला कंपनीची बस. दोघांच्या पाळ्या जुळेनात. तेव्हा फादर म्हणाले होते, ये आमच्याकडे, रजिस्टरं बघ. वेळेचं बंधन नाही. तुला जमेल तेव्हा ये, घरी ने, टाइप कर. फक्त शुक्रवारी डोंगरापलीकडे यावं लागेल. शुक्रवार म्हणजे इथला रविवार. फादर फुजैराच्या चर्चमध्ये मिस्सा करत, आणि त्या दोन-तीन तासांत हारुन ड्रायव्हर तिला व्हॅनमधून गावागावांत फिरवी. तिच्या पर्समध्ये रबरी शिक्का असे, शाईची डबी, कोरे फॉर्म, डबा. एखाद्या क्रशरच्या ऑफिसात, एखाद्या इस्पितळाच्या बाकावर, खजुराच्या बागेत पंपाच्या खोलीपाशी बसून ती माणसांना विचारी: नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्म कधी, बाप्तिस्मा कोण देणार. फ्रेडी सगळ्यांना सांगे, "माझ्या बायकोचं काम फ्लेक्झिबल आहे." सांगताना त्याला अभिमान वाटे. हा शब्द त्यानं अलीकडेच बॉसच्या तोंडून ऐकला होता.

तिला ते काम आवडे, आणि का आवडे हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. लग्नाच्या वेळी दाखला आणायला ती आईबरोबर गावच्या चर्चमध्ये गेली होती. तिथल्या म्हाताऱ्या क्लार्कनं लोखंडी कपाटातून रजिस्टर काढलं, लाकडी पट्टी पानावर ठेवली आणि ओळीओळीनं खाली आणत तिच्या जन्माच्या वर्षात थांबवली. पट्टीच्या वर ती होती. चार महिन्यांची असताना कुणी तरी दौतीत टाक बुडवून तिचं नाव लिहिलं होतं, आणि ज्याला ती कोण हे माहीत नव्हतं, पुढे काय होईल हेही माहीत नव्हतं, त्यानं समासात जागा सोडली होती. लग्नासाठी, मरणासाठी. त्या समासात क्लार्कनं पुढे तिचं लग्न लिहिलं. एवढा स्वच्छ पुरावा तिनं प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. तिथे पाण्याचा नमुना तीस दिवसांनी ओतून टाकत.

दुपारी ऑफिसात कुणी नसताना तिनं इस्पितळाचा नंबर फिरवला. चार महिन्यांत पहिल्यांदाच, पण नंबर तिला पाठ होता. डोंगर ओलांडला की दिब्ब्याच्या अलीकडे ते लहानसं गाव. एक मशीद, एक पेट्रोल पंप, एक सरकारी इस्पितळ, आणि मागे सगळ्या बाजूंनी उभे काळपट डोंगर, ज्यांवर काहीही उगवत नाही. तिनं साजिदा नर्सला विचारलं. वॉर्डात फोन उचलणारी हिंदीत बोलली. "साजिदा? उसका तो व्हिसा कॅन्सल हो गया. ईद करके जा रही है, परसों की फ्लाइट. आप कौन?" एमिलीनं नाव सांगितलं. मग तो आवाज मराठीत आला, जरा खाली. "मी शहनाझ. तिची बहीण. उद्या क्वार्टरवर असेल ती. सामान बांधतेय. या तुम्ही."

घरी येताना ती शारजातल्या रोला चौकापाशी उतरून उगाच चालत राहिली. जानेवारीतली संध्याकाळ, अंगावर हलकासा स्वेटर, दुकानांतून ईदचे दिवे अजून उतरवले नव्हते. ओळ मारून टाक. शनिवारपर्यंत. तिच्या डोक्यात हे वाक्य फादरच्या आवाजात नव्हतं, कुणाच्याच आवाजात नव्हतं. मारायची तर पट्टी लागेल. पट्टी न लावता ओढलेली रेघ तिला सहन झाली नसती, आणि पट्टी लावून ओढलेलीही. त्रेसष्टाव्या ओळीत काय लिहायचं हे तिला चार महिने माहीत होतं. ते खरं आहे की नाही एवढंच माहीत नव्हतं. दोन रीडिंगं होती. एक डॉक्टरांचं, कागदावर: मृत जन्म, अठ्ठावीस आठवडे, मुलगी. दुसरं साजिदाचं, कानाशी पुटपुटलेलं: 'मॅडम, तुमचा कागद वाचला मी. पूर्ण वाचला.' दोन रीडिंगं जुळत नसतील तर तिसरं घ्यायचं असतं. हे ती नव्या मुलींना शिकवायची. तिसरं तिनं घेतलं नाही. एक फोन करायचा होता, आणि दर शुक्रवारी त्या गावावरून जाताना हारुन आपणहून गाडी न थांबवता पुढे नेई, आणि ती त्याला थांबव म्हणत नसे. कारण तिसरं रीडिंग डॉक्टरांशी जुळलं असतं, तर साजिदानं केलं ते एका शुद्धीवर येत असलेल्या बाईचं मन राखण्यासाठी केलं, एवढंच उरलं असतं. मेलेल्या मुलाला बाप्तिस्मा देता येत नाही. तो देता येत नाही हे साजिदानं वाचलेल्या कागदावरच लिहिलेलं होतं. आणि कागद एमिलीनंच लिहिला होता.

तो कागद तिनं आदल्या वर्षी याच महिन्यात तयार केला होता. पलीकडच्या गावांत फादर पोचेपर्यंत दोन तास लागतात. तेवढ्यात नवजात मूल दगावलं तर? चर्चचा नियम सोपा आहे. मूल मरणाच्या दारात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाद्री लागत नाही, ख्रिस्तीसुद्धा असावं लागत नाही. चर्च जे करतं तेच करायची इच्छा मनात असली म्हणजे झालं. तिनं हे इंग्रजीत आणि मराठीत पाच ओळींत बसवलं, कंगोरे घासून, प्रयोगाची कृती लिहावी तसं. एक: मूल जिवंत असल्याची खात्री करावी. दोन: स्वच्छ पाणी घ्यावं, नळाचं साधं पाणी चालेल. तीन: नाव घेऊन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते असं म्हणत डोक्यावर तीनदा ओतावं. चार: वेळ लिहून ठेवावी. पाच: चर्चला कळवावं. फादरनी वाचून मान डोलावली होती. "छान. पण फक्त आपल्या माणसांना दे. आणि मागितलं तर. इथले कायदे तुला माहीत आहेत." तिनं कागद आपल्याच माणसांना दिले. फक्त त्या गावात इस्पितळातली केरळची ख्रिस्ती नर्स सुट्टीवर होती, आणि बाकावर समोर साजिदा बसली होती, मिरजेला नर्सिंग शिकलेली, मराठी ऐकून आनंदानं चहा घेऊन आलेली. तिनं कागद वाचला आणि हसली होती. "मला कशाला देता मॅडम? मी पाच वेळची नमाजी." एमिली म्हणाली, ती परत आली की तिला द्या, एवढंच. साजिदानं पुन्हा एकदा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "पाच कलमं! तुमच्याकडे पण फॉर्म भरल्याशिवाय जन्नत नाही वाटतं." आणि घडी घालून खिशात ठेवला. दोघी खूप हसल्या होत्या. तेव्हा एमिलीला पोटातलं मूल म्हणजे अजून फक्त फ्रेडीशी रंगणारी एक चर्चा होती, या वर्षी की पुढच्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवार तिचा गावांचा वार नव्हता, पण वेळ तिचा होता, तो कुठेही ठेवता येत होता. तिनं स्टँडवरून फुजैराच्या रस्त्याची टॅक्सी घेतली. पुढच्या सीटवर बाईमाणूस म्हणून ती, मागे तीन पठाण. धैदपर्यंत वाळू, मग वाळूला दगडांचे डाग पडू लागतात, मग एकदम डोंगर. याच रस्त्यानं त्या शुक्रवारी ती व्हॅनमधून गेली होती. जायला नको होतं. फ्रेडीनं हे एकदाच म्हटलं होतं, इस्पितळातून आणल्यावर तिसऱ्या दिवशी, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. "तुला कोण म्हणालं होतं जायला? तुझं काम फ्लेक्झिबल होतं ना?" मग तो बाहेर गेला, आणि पाळण्याचा खोका, जो अजून उघडला नव्हता, दोरी बांधून कपाटावर ठेवून दिला. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. तिला वाटायचं, काढावा. भांडावं. कारण ती जायला हवं म्हणून गेली नव्हती. एका क्रशरच्या फोरमनच्या मुलाच्या नोंदीत धर्मपित्याचं आडनाव राहिलं होतं, ते भरायला गेली होती. फोनवरही विचारता आलं असतं. तिला स्वतःच्या डोळ्यांनी पासपोर्टवरचं स्पेलिंग पाहायचं होतं. असली ती. अकराच्या सुमारास मसाफीच्या पुढे पोटात काही तरी फाटल्यासारखं झालं, आणि खाली सीट गरम ओली झाली, आणि हारुन आरशात न बघता म्हणत राहिला, "सिस्टर, दो मिनिट, बस दो मिनिट." दोन मिनिटं नव्हती ती, सतरा होती. तिनं घड्याळ बघितलं होतं. त्या अवस्थेतही. मग छतावरचे दिवे, कुणाचा तरी अरबीतला आवाज, तोंडावर मास्क, आणि नंतर साडेतीन वाजलेले. मधले चार तास तिच्याकडे नव्हते. आयुष्यातल्या सगळ्या तासांपैकी नेमक्या त्याच तासांचं रीडिंग तिला हवं होतं.

क्वार्टर इस्पितळाच्या मागे, पत्र्याच्या छपराचे. साजिदा दारात ट्रंकेवर गुडघा टेकून दोरी आवळत होती. तिनं एमिलीला बघितलं, दोरी सोडली, ओढणी नीट केली, आणि उठून तिला मिठीच मारली. मग लगेच बाजूला झाली. "बसा. खुर्ची दिली मी शेजारणीला. ट्रंकेवर बसा. नाही, त्यावर नको, त्यात काचेचं आहे. ह्याच्यावर." आत भिंतीवर खिळ्यांच्या जागी फक्त भोकं होती. साजिदाची आई मिरजेला अंथरुणाला खिळली होती. आता परत येणं नाही. तिनं बिनदुधाचा चहा केला, दूध आजच संपवलं होतं. दोघी थोडा वेळ मिरजेचं, हवेचं, विमानात किती किलो नेता येतं याचं बोलल्या. एमिलीनं पर्समधून वही काढली. प्रश्न तिनं लिहून आणले होते, क्रमानं. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरी तिनं वही उघडली.

"साजिदा, ती जिवंत होती?"

साजिदानं कप खाली ठेवला. "मला वाटलं तुम्ही विचारणारच नाही. चार महिने वाटत होतं, तुम्ही रागावलात."

"मी का रागावेन?"

"मी चुकले ना."

म्हणजे तिसरं रीडिंगही तेच. "काय चुकलं?"

"सांगते. पण मध्ये बोलू नका, नाही तर मला सांगता येणार नाही." साजिदानं दाराकडे पाहिलं. "डॉक्टर तुमच्यापाशी होते. रक्त थांबतच नव्हतं तुमचं. बाळ माझ्या हातात दिलं, म्हणाले, बघ. मी बाजूच्या खोलीत नेलं. मुलगी, एवढीशी. रडली नाही. मी ऑक्सिजन लावला, चोळलं, सगळं केलं जे करतात ते. मग मला कळलं की ही राहत नाही. नर्सला कळतं. केरळवाली त्या दिवशी ड्युटीवर नव्हती. कागद तिला द्यायचा राहूनच गेला होता, माझ्या खिशातच होता, सहा महिने धुण्यात जाता जाता वाचलेला. म्हटलं, बाईनं इतकं लिहून ठेवलंय. तिच्याच पोरीला नाही मिळालं तर काय?" ती थांबली. "तुम्ही लिहिलंय, नळाचं पाणी. मी नळ सोडला. सप्टेंबरचा महिना, मॅडम. अकरा-बारा वाजलेले. वरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देत होतं. पोरीची कातडी कागदासारखी. कसं ओतणार? म्हणून फ्रिजमधली बाटली काढली. कपात ओतलं, नाव घेतलं, पिता म्हटलं आणि थोडं कपाळावर सोडलं. आणि ती..." साजिदानं स्वतःचे दोन्ही खांदे वर घेतले, आत ओढले, चेहरा आक्रसून. एक क्षण. मग सोडून दिले. "असं केलं तिनं. गार लागलं तिला. मला इतकं वाईट वाटलं. म्हटलं, अगं बाई, हे काय केलं मी. मी थांबले. चहाची केटल होती, ती लावली. थोडं गरम झालं तसं कपात घातलं, मनगटावर बघितलं, कोमट झाल्यावर बाकीचं दोनदा ओतलं. पुत्र आणि ते पवित्र. पण मधेच पाणी बदललं ना मी. आणि मधे वेळ गेला. असं चालतं का तुमच्यात? तेवढंच डोक्यात आहे चार महिने. की माझ्यामुळे अर्धवट राहिलं."

बाहेर कुठे तरी व्हॅन मागे घेत होते, तिचा टूं टूं आवाज येत होता. एमिलीला आपण वहीत काहीच लिहिलं नाही हे दिसत होतं. थंड पाणी, आणि अंग आखडणं. उद्दीपन आणि प्रतिसाद. याहून चांगला पुरावा कुणी आणू शकलं नसतं. तिला त्या क्षणी प्रयोगशाळेतला तो तक्ता आठवला, प्रत्येक पानावर शेवटचा रकाना: तापमान. तो रकाना तिनं तीन वर्षं दर तासाला भरला होता. आणि कागद लिहिताना जानेवारी होता. जानेवारीत इथला नळ गार असतो. तिनं स्वतःच्या ऑफिसातल्या नळाचं पाणी मनात धरून लिहिलं होतं, आणि सप्टेंबरातल्या पत्र्यावरच्या टाकीचा विचार केला नव्हता. तिच्या मुलीला या जगात एकच गोष्ट जाणवली, आणि ती तिच्या आईनं लिहिलेल्या दुसऱ्या कलमामुळे जाणवली.

"केटल लावल्यानंतर," तिनं विचारलं, आणि आवाज तिच्या ओळखीचा नव्हता, "कोमट पाणी घातल्यावर ती हलली?"

"नाही. शांत होती. बरं वाटलं असेल तिला." साजिदा थांबून म्हणाली, "श्वास मी बघितला नाही, मॅडम. खरं सांगते. मी पाणी बघत होते. मग डॉक्टर आले तेव्हा ती गेलेली होती. त्यांनी बघितलं ते त्यांनी लिहिलं. मी काही बोलले नाही. काय बोलणार, खिशात कागद."

केटल अर्धी भरलेली असेल तर दीड मिनिट. कोमट व्हायला तेवढं पुरे. एमिलीचं डोकं हे आपोआप करत होतं. पहिल्या ओतण्याच्या वेळी जिवंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी माहीत नाही. शब्द तीन तुकड्यांत, मधे दीड मिनिट. यावर चर्चच्या कायद्याचे जाणकार काय म्हणतील हे तिला सांगता आलं नसतं. फादरना विचारावं लागलं असतं, फादरनी वर विचारलं असतं, तिथून कुणी लिहिलं असतं की परिस्थिती अस्पष्ट आहे. समोर साजिदा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. एमिलीनं आयुष्यात खात्री नसलेली गोष्ट खात्रीनं सांगितली नव्हती.

"चालतं," ती म्हणाली. "पाणी बदललं तरी चालतं. पूर्ण झालं ते."

"नक्की?"

"नक्की. मीच लिहिते ना रजिस्टर."

साजिदानं डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसली. "बघा, मला वाटायचं तुमच्या पाच कलमांत मी नापास."

"नाव काय घेतलंस?"

"तेच तर. नाव मला कुठे माहीत? तिच्या हाताला पट्टी बांधली होती आम्ही. त्यावरचं वाचलं. बेबी ऑफ एमिली." ती घाबरून एमिलीकडे बघू लागली. "तेही चुकलं?"

एमिलीनं मान हलवली. तिनं आणि फ्रेडीनं जसिंता ठरवलं होतं, फ्रेडीच्या आईचं. ते नाव अजून कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. निघताना तिनं शेवटचा प्रश्न विचारला, वहीतला सहावा: बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात नाव लागतं, लिहू का? साजिदानं वॉर्डाच्या खिडक्यांकडे पाहिलं. "माझं काय, मी चालले. पण शहनाझ इथंच आहे. तिची दोन वर्षं बाकी आहेत. नका लिहू, मॅडम. लिहा, एक बाई होती." आणि मग, टॅक्सीच्या दारापर्यंत आल्यावर, "तो कागद हवा का परत?" एमिली नको म्हणाली. साजिदानं अर्धा बाहेर काढलेला कागद परत कुर्त्याच्या खिशात ठेवला. मिरजेला नेणार होती बहुधा.

परतीच्या रस्त्यावर डोंगर तसेच होते. एमिलीला रडू आलं नाही. तिचे खांदे मात्र पुन्हा पुन्हा आत ओढले जात होते, आपोआप, आणि शेजारी ड्रायव्हरनं न विचारता एसी बंद केला.

बुधवारी सकाळी तिनं रजिस्टर उघडलं आणि त्रेसष्टावी ओळ लिहिली. बाप्तिस्म्याची तारीख अठरा सप्टेंबर, जन्माची तारीख अठरा सप्टेंबर. नावाच्या रकान्यात ती थोडा वेळ थांबली. जसिंता लिहिलं असतं तर कुणीही हरकत घेतली नसती. पण उच्चारलं गेलं ते लिहायचं असतं. तिनं लिहिलं: बेबी ऑफ एमिली. बाप: फ्रेडी तुस्कानो. आई: एमिली तुस्कानो. धर्ममातापित्यांच्या रकान्यांत 'नाहीत'. देणाऱ्याच्या रकान्यात, 'एक परिचारिका'. तिच्या तीन वर्षांच्या रजिस्टरात एवढा अपुरा रकाना दुसरा नव्हता, आणि तो तसाच पूर्ण होता. समासात, मरणाच्या जागी, तीच तारीख तिसऱ्यांदा. शेवटचा रकाना शेऱ्याचा, अरुंद. तिथे ती 'प्राणसंकटात' असं लिहीत असे. तेवढं लिहून झाल्यावर खाली बारीक अक्षरात तिनं आणखी एक ओळ बसवली: पाणी पहिल्या वेळी थंड, नंतर दोनदा कोमट.

फादरनी नक्कल तपासताना ती ओळ वाचली. त्यांनी वर बघितलं, पुन्हा वाचली. चष्मा कपाळावर सरकवायचा विसरून तो हातात धरून बसले. मग, "एमिलीबाय, फ्रेडीला माहीत आहे?" एवढंच विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांनी पानाखाली सही केली, त्यांची नेहमीची लांब सही, आणि शिक्का तिच्याकडे सरकवला.

मग तिनं कागद पुन्हा टाइप केला. दुसरं कलम: स्वच्छ पाणी घ्यावं. कोमट असावं. आधी आपल्या मनगटावर पाहावं. पाच गावांसाठी पाच प्रती काढल्या, घडी घालून पर्समध्ये शिक्क्याशेजारी ठेवल्या, आणि जुन्या प्रती परत मागून घ्यायच्या असं वहीत लिहिलं. साजिदाची सोडून.

फ्रेडी सहा वाजता आला, बसमधल्या धुळीनं भुवया पांढरट झालेल्या. त्यानं बूट काढले, मोजे बुटात खुपसले. एमिलीनं चहा समोर ठेवला आणि उभीच राहिली. तिनं ठरवलं होतं की क्रमानं सांगायचं, पण क्रम राहिला नाही.

"ती मेलेली जन्मली नव्हती, फ्रेडी."

तो कपाकडे जाणारा हात तसाच ठेवून बघत राहिला. तिनं सांगितलं. ऑक्सिजन, खिशातला कागद, नळ, बाटली. खांदे कसे आत घेतले ते सांगताना तिनं ते करून दाखवलं नाही; तिला वाटलं ते त्या मुलीचं आहे. केटलचं सांगितलं, पट्टीवरच्या नावाचं सांगितलं. ती थांबली तेव्हा चहावर साय धरली होती. आता तो म्हणेल, तू गेली नसतीस तर. किंवा विचारेल, किती मिनिटं. किंवा, चार महिने मला का नाही सांगितलंस. या सगळ्याची उत्तरं तिच्याकडे होती, खरी उत्तरं, तिनं ती तयार करून ठेवली होती.

फ्रेडीनं कपाटावरच्या खोक्याकडे पाहिलं, मग आपल्या तळहाताकडे.

"खूप गार होतं का गं?"

हा प्रश्न वहीत नव्हता. फ्रिजमधलं पाणी चार अंश, फार तर सहा. ती खाली त्याच्या बुटांशेजारी बसली.

"पहिल्यांदाच फक्त," ती म्हणाली. "मग तिनं कोमट केलं."

"मग कोमट केलं," फ्रेडी म्हणाला. आणि थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, हळू, "कोमट केलं."